अकरा चाळीसची नोंद

त्या वॉर्डात दहाएक वर्षांपूर्वी एकाच सोमवारी तीन नर्सेस रुजू झाल्या. हॉस्पिटलात नर्सला सगळे सिस्टर म्हणतात. मग तीन सिस्टर म्हणजे तीन बहिणीच झाल्या की, असं म्हणत वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशींनी त्यांना वयाप्रमाणे नावंच देऊन टाकली. थोरली, मधली, धाकटी. ती नावं इतकी चिकटली की पुढे मोठे डॉक्टरसुद्धा राउंडला आले की "थोरली कुठाय?" म्हणून विचारायचे.

ही गोष्ट त्या थोरलीची.

उंच, हाडकुळी, चालताना चपलांचा आवाज न करणारी बाई. पहिली आठ वर्षं या कामात भीती म्हणून काही असते हे तिला माहीतच नव्हतं. रक्त, उलट्या, मरण, अंगावर धावून येणारे नातेवाईक, सगळं पचवून ती दुपारी घरी जायची आणि डाराडूर झोपायची. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या उशाशी रोडरोलर फिरवला तरी ही कूस बदलायची नाही." भीती तिच्या आयुष्यात आली ती किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर.

झालं असं, की वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर पाठीच्या दुखण्यानं रजेवर गेल्या त्या गेल्याच. मेट्रनबाईंनी, म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसच्या वरिष्ठ बाईंनी, थोरलीला ऑफिसात बोलावलं आणि औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या टेबलावरून तिच्याकडे सरकवल्या.

"महिन्याभराचा प्रश्न आहे, सिस्टर. तेवढं सांभाळून घ्या."

"आणि माझे पेशंट?"

"ते तुमच्याकडेच राहतील. दुसरं माणूस मी कुठून आणू?"

थोरलीनं किल्ल्या उचलल्या. नाही कसं म्हणायचं हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

महिन्याचं वर्ष झालं. बत्तीस खाटांचा बायकांचा वॉर्ड. त्यातल्या दहा खाटा तिच्या. त्या दहाजणींना औषधं, सुया, सलाइन, अंग पुसणं, कूस बदलणं, हे नर्स म्हणून. आणि टेबलाशी बसून ड्युटीची यादी, तक्रारींची उत्तरं, चादरींची मागणी, बंद पडलेल्या सक्शन मशीनसाठी पत्रं, हे इन्चार्ज म्हणून. भिंतीवर एक परिपत्रक चिकटवलेलं होतं: गोळी पेशंटच्या घशाखाली उतरेपर्यंत नर्सनं खाट सोडू नये. त्याच्या शेजारीच दुसरं: इन्चार्जनं बोलावणं आल्यापासून पाच मिनिटांत कार्यालयात हजर व्हावं. दोन्हींवर सही एकाच माणसाची. मावशी एकदा फरशी पुसता पुसता ते वाचत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थोरले, तुझं अर्धं अर्धं करून पाठवत जा."

डॉक्टरांचं तिसरंच. लेखी आदेशाशिवाय औषध द्यायचं नाही, हा नियम. पण निवासी डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनला उभे असायचे आणि फोनवर सांगायचे, "द्या तुम्ही, मी खाली आलो की लिहितो." दिलं तर नियम मोडला. नाही दिलं तर पेशंट तळमळतेय, नातेवाईक आरडाओरडा करताहेत, आणि डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणणार, "तुम्हाला पेशंटपेक्षा कागद महत्त्वाचा वाटतो का?" दिलं आणि डॉक्टर लिहायला विसरले, तर मेट्रनबाई विचारणार, "कुणाच्या हुकमानं दिलंत?"

भीती एकदम नाही आली. आधी ती हातात आली. इंजेक्शनची कुपी फोडली की तिचं नाव थोरली एकदा वाचायची, मग दोनदा, मग भिंतीकडे बघून परत एकदा. मग ती पायात आली: ड्युटी संपवून बस थांब्यावर गेली की मागे वळावंसं वाटायचं. सात नंबरच्या सलाइनचा वेग आपण कमी केला ना? ती बसमधून वॉर्डात फोन लावायची. "अगं, सात नंबर बघ जरा." पलीकडून उत्तर यायचं, "केलाय कमी, तूच केलायस." फोन ठेवला की तीन थांबे बरं वाटायचं. चौथ्या थांब्याला बारा नंबर आठवायचा.

घरी आल्यावर ती दाराजवळच्या स्टुलावर चपला न काढता बसून राहायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. मुकाट्यानं काम करायची सवय असलेला माणूस. तो समोर पाणी ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. आठवीतली लेक विचारायची, "आई, आज कोणी गेलं का?" म्हणजे मेलं का. थोरली म्हणायची, "नाही गं." आणि मनात म्हणायची, अजून तरी नाही.

त्याच वर्षी मधलीनं राजीनामा दिला.

मधली वॉर्डात सगळ्यांत धीट. कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. ती जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शेवटच्या दिवशी चादरींच्या खोलीत दोघी उभ्या होत्या. मधली आपल्या कप्प्यातला कंगवा, पिना, एक जुना स्वेटर पिशवीत भरत होती.

"दातांच्या दवाखान्यात जातेय," ती म्हणाली. "खुर्ची एक, पेशंट एक, डॉक्टर एक."

"कामाला कंटाळलीस?"

"कामाला नाही गं. काम मी दुप्पट करीन. पण एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहायला सांगतात, आणि एका ठिकाणी नव्हतीस म्हणून जाब विचारतात. परवा मी त्या वीस नंबरच्या बाईला मरताना हात द्यायचा सोडून डिस्चार्जचे कागद पोचवायला पळत होते. परत आले तेव्हा तिचं तोंड झाकलेलं होतं. मला माझीच भीती वाटायला लागलीय."

मधलीच्या जागी एक मुलगी आली, तीन आठवडे टिकली. दुसरी आली, ती दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेली ती परत आली नाही. तिची पाण्याची बाटली कित्येक दिवस टेबलाखाली होती. जितक्या जायच्या तितक्यांचं काम राहिलेल्यांच्या अंगावर पडायचं, आणि त्या ओझ्यानं आणखी कुणीतरी जायचं. थोरलीनं तीन अर्ज केले. पहिला साधा, दुसरा जरा कडक, तिसऱ्यात तिनं सरळ लिहिलं: 'औषधांच्या वेळी मला वॉर्डाबाहेर बोलावल्यास एखाद्या पेशंटच्या जिवाला धोका होईल.' तिन्ही प्रतींवर आवक विभागाचा शिक्का मारून घेतला. उत्तर एकाचंही आलं नाही. कागद लिहिताना तिला वाटलं होतं, लिहिलं की भीती हलकी होईल. उलट, शब्दांत उतरल्यावर ती तिच्यासमोर उभीच राहिली.

आणि मग तो मंगळवार आला.

त्या दिवशी सकाळी वॉर्डात तिघी होत्या: थोरली, धाकटी आणि एक शिकाऊ. नऊ वाजता मेट्रनबाईंनी शिकाऊला बाळंतिणींच्या वॉर्डात हलवलं. दोघी उरल्या. बाहेरून तपासणी समिती आली होती, त्यामुळे सगळीकडे पळापळ. निवासी डॉक्टर वर ऑपरेशनला. स्ट्रेचर ढकलणारे मामा एकच, आणि ते समितीसाठी खुर्च्या लावत होते.

चौदा नंबरवर एक बाई होती. साठीच्या आतबाहेरची, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली. वॉर्डात तिला सगळे कंडक्टरबाई म्हणायचे. साखरेचा आजार, पायाला न भरणारी जखम. जीभ मोठी तिखट. कुणी खाटेजवळ घोळका केला की म्हणायची, "पुढे सरका, मागच्यांना वाट द्या." तिला दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन असायचं.

अकरा चाळीसला थोरलीनं ते दिलं. भरलेली मात्रा उजेडात धरून पाहिली, नाव विचारलं, दंडात सुई टोचली, सुई डब्यात टाकली. आता चार्टवर वेळ लिहून सही करायची. पेन खिशातून काढलं, आणि दारात कार्यालयातला शिपाई.

"सिस्टर, समितीसमोर बोलावलंय. लगेच."

"दोन मिनिटं."

"मेट्रनबाई म्हणाल्या, असतील तशा या."

"मी गेले तर वॉर्डात एकटी धाकटी राहते."

"ते मला सांगून काय उपयोग?" शिपाई म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. थोरली तो घ्यायला वळली. मेट्रनबाईच होत्या. "सिस्टर, निघालात का?" थोरली पेन खिशात ठेवून निघाली. जिन्यात तिला वाटलं, काहीतरी राहिलंय. पण हे तिला रोजच, प्रत्येक जिन्यात वाटायचं. वर्षभर खोटी घंटा ऐकून कान निबर झाले होते, आणि खरी वाजली तेव्हा ती चालत राहिली.

समितीतल्या लोकांनी तिला हात धुण्याच्या पद्धतीवर प्रश्न विचारले. मग तिला बाकावर बसवून ठेवलं, पुढे आणखी काही विचारायचं झालं तर असावी म्हणून. पाच मिनिटांची पंचावन्न मिनिटं झाली.

इकडे धाकटीच्या नाकी नऊ आले होते. बत्तीस खाटा, एकटी बाई. थोरलीची राहिलेली औषधं तिनं हातात घेतली. चौदा नंबरचा चार्ट पाहिला. दुपारच्या इन्सुलिनचा रकाना कोरा. तिनं मात्रा भरली.

"झाली की मघाशी सुई," कंडक्टरबाई म्हणाल्या.

धाकटीला वाटलं, बोटाला टोचून साखर तपासली ती सुई. सगळ्याच पेशंट त्यालाही सुईच म्हणायच्या. "ती तपासायची होती हो मावशी," ती म्हणाली, "ही जेवणाची." कोरा रकाना आपल्याला खोटं कशाला सांगेल? तिनं इन्सुलिन दिलं, वेळ लिहिली, सही केली. पाच मिनिटांनी सोनोग्राफीतून बोलावणं आलं: चौदा नंबर, उपाशीपोटी, आत्ताच. मामा नव्हते. धाकटीनं मावशींना हाताशी घेऊन स्ट्रेचर स्वतः ढकललं. कंडक्टरबाईंचं जेवणाचं ताट खाटेशेजारी झाकून ठेवलेलं राहिलं.

थोरली परत आली तेव्हा चौदा नंबर नुकतीच परत येऊन खाटेवर टेकली होती. अंग घामानं निथळत होतं. नजर भलतीकडेच. "पुढचा स्टॉप कोणता?" असं ती कुणाला तरी विचारत होती, आणि जीभ जड झाली होती. थोरलीनं मनगट धरलं. गारठलेलं. ती धावत चार्टकडे गेली. दुपारच्या रकान्यात सही होती. धाकटीची.

त्या एका क्षणात तिला सगळं कळलं: दोनदा गेलंय.

पुढची दहा मिनिटं तिचे हात चालले. डोकं बधिर झालं होतं, पण हातांना नऊ वर्षांची सवय होती. साखर तपासली, एकतीस, असायला हवी त्याच्या निम्म्याहून कमी. धाकटीला हाक मारली, डॉक्टरांना फोन लावायला लावला, ग्लुकोजची कुपी फोडली, शीर शोधली. शीर मिळेना. एक फुटली, दुसरी फुटली. कंडक्टरबाईंचे डोळे वर जायला लागले. तिसऱ्या वेळी मनगटाजवळ सुई आत गेली, आणि थोरलीनं हळूहळू ग्लुकोज सोडायला सुरुवात केली. धाकटी पलंगाच्या पायथ्याशी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. निवासी डॉक्टर जिन्यावरून धावत आले तेव्हा कंडक्टरबाईंनी डोळे उघडले होते.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "एवढी गर्दी कशाला?"

पेशंट वाचली. तासाभरानं साखर जागेवर आली, तिनं सूप घेतलं, पाव खाल्ला. पण थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते परत आलं नाही.

दोन वाजता मेट्रनबाई आल्या. त्यांनी चार्ट पाहिला, धाकटीला चार प्रश्न विचारले आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. मग थोरलीला औषधांच्या खोलीत नेऊन दार लोटून घेतलं.

"अकरा चाळीसला तुम्ही दिलंत, बरोबर?"

"हो."

"मग सही कुठाय?"

थोरलीनं खिशातलं पेन चाचपलं.

मेट्रनबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. बाई वाईट नव्हत्या. सबंध हॉस्पिटलात अठ्ठेचाळीस जागा रिकाम्या आणि वरून रोज जाब, यात त्याही भरडल्या जात होत्या. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "गडबडीत राहिली असेल. धाकटीच्या सहीच्या वर जागा आहे. वेळ घालून करून टाका. समिती अजून इमारतीत आहे. एका नर्सची चूक निघाली तर ती एका नर्सची चूक राहते. इन्चार्जची निघाली तर सगळ्या हॉस्पिटलची होते. मी दहा मिनिटांत कागद न्यायला येते."

दार बंद झालं. थोरली त्या चिंचोळ्या खोलीत एकटी उभी राहिली. फडताळात औषधांच्या कुप्या रांगेनं लागलेल्या. फ्रिज घरघरत होता. तिनं चार्ट ओट्यावर ठेवला.

भीती माणसाला भराभर चित्रं दाखवते. तिला नोंदणी रद्द झाल्याचं पत्र दिसलं. वर्तमानपत्रातली बातमी दिसली. लेक शाळेतून रडत येताना दिसली. काचांच्या भुकटीनं पांढरे झालेले नवऱ्याचे हात दिसले. एकट्याच्या त्या हातांवर घर किती दिवस चालणार? आणि एवढं सगळं टाळायला काय करायचं, तर चार आकडे आणि एक सही. तेही खोटे आकडे नव्हेत. तिनं खरंच अकरा चाळीसला दिलं होतं. खोटं एवढंच, की कागद म्हणेल, ही सही तेव्हा इथं होती आणि धाकटीनं ती पाहूनही पुन्हा सुई टोचली.

तिनं पेन काढलं. धाकटीच्या सहीच्या वरच्या जागेत लिहिलं: ११.

दाराच्या फटीतून बाहेरचा बाक दिसत होता. धाकटी दोन्ही गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. धाकटी सारखं एकच म्हणत होती, "मी चार्ट बघितला होता हो मावशी. मी बघितला होता. की मी बघितलाच नाही?"

ते शेवटचं वाक्य थोरलीच्या काळजात घुसलं. वर्षभर ती स्वतःला जे विचारत होती तेच. उद्यापासून ही मुलगी आपल्या डोळ्यांवरसुद्धा विश्वास ठेवणार नाही, आणि तसं करायला आपण तिला लावलेलं असेल.

नर्सिंगच्या शाळेत शिकवतात, चार्टवर चुकलं तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ, म्हणजे खालचं वाचता यावं, आणि बाजूला सही. थोरलीनं '११' या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली. बाजूला सही केली. मग खालच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: 'उशिरा केलेली नोंद, दुपारी २.१०. इन्सुलिन मी ११.४० ला दिले. नोंद करण्याआधी कार्यालयात बोलावणे आल्याने नोंद राहिली. दुसरी मात्रा दिली गेली तेव्हा हा रकाना कोरा होता.' लिहून झाल्यावर 'कोरा' हा शब्द तिनं दोनदा वाचून बघितला.

मेट्रनबाईंनी परत येऊन ते वाचलं. "हे तुम्ही स्वतःच्या हातानं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि कागद घेऊन गेल्या.

खरं लिहिल्यावर मन हलकं होतं म्हणतात. थोरलीचं नाही झालं. ती चादरींच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि तिला उलटी झाली.

एक काम उरलं होतं. चार वाजता ती कंडक्टरबाईंच्या खाटेशी गेली. तिची ड्युटी कधीच संपली होती.

"मावशी, तुम्हाला आज जे झालं ते आमच्या हातून झालं," ती म्हणाली. "दुपारची सुई तुम्हाला दोनदा दिली गेली. पहिली मी दिली आणि लिहायची राहिली."

कंडक्टरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या काहीतरी तिखट बोलतील आणि सगळं निभावून जाईल, अशी थोरलीला वेडी आशा होती. पण बाई हळूच उशीला टेकल्या आणि त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"मी म्हटलं होतं तिला, झाली सुई म्हणून."

"हो."

"मी मेले असते?"

"असं होऊ शकलं असतं."

बाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण उद्यापासून मला दुसरीनं सुई द्यावी. रागानं म्हणत नाही. मला तुमची भीती वाटेल."

थोरली "बरं" म्हणाली. घरी जाताना त्या दिवशी तिनं वॉर्डात फोन केला नाही. कुठल्या खाटेबद्दल विचारायचं हेच तिला सुचेना.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. बंद खोलीत तीन माणसं, लांब टेबल, मधे पाण्याचा जग. त्यातल्या एकानं तिला विचारलं, "एवढा ताण होता तर आधी का नाही सांगितलंत?" थोरलीनं पिशवीतून तिन्ही अर्जांच्या प्रती काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. आवक विभागाचे शिक्के वर करून. तिघांनी ते कागद एकमेकांकडे दिले. तिसऱ्या अर्जातली ती ओळ एकानं मोठ्यानं वाचली.

"हे माझ्याकडे आले होते," मेट्रनबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या. "मी वर पाठवले होते."

"वर म्हणजे कुठे?" त्या माणसानं विचारलं.

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वर तोच बसत होता.

निकाल असा लागला: थोरलीला आणि धाकटीला लेखी ताकीद. औषधांच्या वेळांत, म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी साडेबारा, इन्चार्जला वॉर्डाबाहेर बोलावू नये, असं नवं परिपत्रक. वॉर्डाला दोन जादा नर्सेस. परिपत्रक जुन्या दोन्हींच्या शेजारी चिकटवलं गेलं. दोनपैकी एक नर्स आठव्या आठवड्यात दुसरीकडे हलवली.

धाकटी तोवर थांबलीच नाही. ताकीद मिळाली तरी सगळा दोष तिच्या माथी आला नव्हता, थोरलीच्या नोंदीनं ती वाचली होती. पण इंजेक्शन भरायला घेतलं की तिचे हात कापायला लागायचे. एक दिवस थोरलीनं तिच्याकडून सिरिंज काढून घेतली आणि खुर्चीवर बसवलं.

"तुझ्यामुळे नाही गं जात," धाकटी म्हणाली. "तू खरं लिहिलंस म्हणून तर मी अजून धड आहे. पण मला आता कोरा रकाना बघवत नाही."

ती भावाच्या वह्या-पेनांच्या दुकानात बसायला लागली. नऊ वर्षं तयार झालेली नर्स, झेरॉक्स काढून देते.

थोरलीनं किल्ल्या परत केल्या आणि साधी नर्स म्हणून त्याच वॉर्डात चार महिने काढले. तिला वाटलं होतं, टेबल सुटलं की भीती सुटेल. पण नव्या इन्चार्जला कार्यालयातून हाक आली की थोरलीच्याच छातीत धडधडायचं. ती मुलगी सव्वीस वर्षांची. तिच्याकडे बारा खाटा. थोरली तिच्यामागे जाऊन तिचे चार्ट बघायची, सही आहे ना. मग स्वतःचे बघायची. मग परत तिचे. एक दिवस त्या मुलीनं चिडून विचारलं, "सिस्टर, माझ्यावर पहारा ठेवलाय का?" थोरलीनं तिचा चार्ट खाली ठेवला. त्या संध्याकाळी तिनं जेवता जेवता नवऱ्याला सांगितलं, "मी सोडतेय."

त्यानं घास खाली ठेवला. "बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "वर्षभर तुझी भीतीच घरी यायची, तू नाही."

सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे आता ही पुन्हा झोपणार. मला रोडरोलरवाल्याला निरोप द्यायला हवा." थोरली हसली, आणि हसताना तिला रडू आलं.

आता ती रक्त तपासणीच्या एका छोट्या केंद्रात काम करते. माणूस आत येतो, बसतो, बाही वर करतो. तिनं नळीवर नाव लिहून होईपर्यंत दुसरं कुणी आत येत नाही. नळीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचणं तीन महिन्यांत थांबलं. झोप अजून पूर्वीसारखी लागत नाही.

मध्यंतरी मेट्रनबाईंचा फोन आला. आवाज थकलेला होता. ती सव्वीस वर्षांची मुलगीसुद्धा गेली होती.

"परत याल का, सिस्टर? तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत इथं."

"किती खाटा द्याल?" थोरलीनं विचारलं. "आणि टेबल का पेशंट, दोन्हींतलं एकच. लेखी द्याल?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "मी लेखी दिलं, तर ते पाळायला माझ्याकडे माणसं नाहीत."

"मग मला येता येणार नाही."

"कळतं मला," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला नाही. थोरलीनंही नाही. दोघींच्या कानाशी तिथल्या वॉर्डाचा आवाज होता: कुणीतरी हाक मारत होतं, ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती, कुणाला तरी कुणीतरी दुसरीकडे बोलावत होतं. शेवटी मेट्रनबाईंनाच कुठूनतरी बोलावणं आलं, आणि "येते हं" एवढं म्हणून त्या गेल्या.